मत्स्य अहवालांच्या मागे

३ एप्रिल, गुरुवार

लपवलं! साहित्यसंज्ञांचा इंग्रजी कोश. कॉलेजच्या ग्रंथालयात एकच प्रत, तीही संदर्भ विभागात — घरी न्यायला मिळत नाही. मत्स्यव्यवसायाच्या जुन्या अहवालांच्या मागे सारून आले. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

प्राध्यापकपदाच्या सेट परीक्षेचा हा माझा चौथा प्रयत्न. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतेय. या वेळी पास झाले नाही तर कायमची जागा विसराच. मोबाइलवर एका संज्ञेच्या दहा व्याख्या, कुठली खरी धरायची? कोशात एकच, उदाहरणासकट. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे!

शेहेचाळिसाव्या वर्षी पुस्तक लपवतेय. शी!

५ एप्रिल, शनिवार

शमिका आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, तीही सेटला बसतेय. संगमेश्वरहून येते, हातखंब्याला गाडी बदलून. शनिवारीच जमतं, बाकी दिवस दुकानात कामाला. तिला तोच कोश हवा होता. ग्रंथालयाचे शिपाई विठूकाका शिडी लावून सकाळभर शोधत होते. ती स्वतःही कपाटं धुंडाळत होती. दुपारी माझ्यापाशी आली.

"मॅडम, तुम्ही बघितलात काय कुठं?"

"नाही गो."

किती सहज निघालं तोंडातून! माझ्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "बरं."

६ एप्रिल, रविवार

पावसहून दिरांनी पेटी पाठवली. घरभर आंब्याचा वास. मी माझी फोड तशीच ताटात ठेवली.

९ एप्रिल, बुधवार

आज वर्गात शिकवता शिकवता आठवलं. अहवालांमागची ती जागा मुळात शमिकाची! एस.वाय.ला असताना परीक्षेच्या तोंडावर तिने तिथेच एक पुस्तक दडवलं होतं. मीच पकडलं. वर्गासमोर उभी करून मोठ्याने म्हणायला लावलं — "मी लपवलं होतं." वर माझं कीर्तन: दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतेस! पोरीने तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तिने तिथे बघितलं असेल? छे. सापडलं असतं तर बोलली असती.

१२ एप्रिल, शनिवार

शमिका लांबच्या टेबलावर माझ्याकडे पाठ करून वाचत बसलेली. मी लगेच घरी पळाले.

१५ एप्रिल, मंगळवार

ग्रंथपाल विठूकाकांना शनिवारपासून बोलतायत म्हणे; आज सगळ्यांदेखत झापलं. "शुक्रवारपर्यंत पुस्तक आलं नाही तर मेमो!" निवृत्तीला दीड वर्षं राहिलंय माणसाचं. मला म्हणाले, "मॅडम, इंग्रजीची सगळी कपाटं उपसली हो. पुस्तकाला काय पाय फुटले?"

मी चष्मा पुसत राहिले. हलकट बाई आहे मी.

उद्या गुपचूप जागेवर ठेवून येते. कुणाला कळायला नको.

१६ एप्रिल, बुधवार

कोश काढला. आत चिठ्ठी.

"मॅडम, पहिल्याच शनिवारी सापडला. आत तुमच्या अक्षरातला टिपणांचा कागद होता. वाचून परत इथेच ठेवते. बाहेर काढला असता, पण या जागेवरून मी काढला तर नाव माझंच येणार. काका बोलणी खातायत. तुम्हीच काढा. — शमिका"

विठूकाकांच्या टेबलाशी गेले. वाचनकक्ष भरलेला होता.

"मी लपवलं होतं," म्हणाले. मोठ्याने.