माझ्या ओव्या माझ्याच नावावर छापाव्यात म्हणून

मी, दगडाबाई धुळाजी जोगदंड, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, धंदा आधी ऊसतोड व आता बाजेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवणे, राहणार नांदूरघाट, ता. केज, जि. बीड, कुणाच्या धाकाने अगर लालचीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. तरी कुणाला शंका आली तर त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून आणावं. वकिलाने लिहून आणलेल्या मृत्युपत्रात मी कुठंच नव्हते, म्हणून हा कागद मी माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिला आहे.

मला दोन लेकरं. थोरली वत्सलाबाई, जिने माझ्याबरोबर फडात ऊस तोडला. धाकटा शांतवन, ज्याला आम्ही फडाचं वारं लागू दिलं नाही, शिकवला, आणि जो आज बीडच्या चर्चमध्ये पाळक आहे. वत्सलाची पोरगी वर्षाराणी. एवढेच माझे वारस. बाकी कुणी रडत आला तर चहा पाजून वाटेला लावावा.

१. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढच्या ओट्यासह, वत्सलाबाईला. शांतवनला पायरीसुद्धा नाही.

२. लोखंडी कपाट सुनेला. ती वाईट नाही, नवऱ्याचं ऐकते एवढंच.

३. माझा कोयता शांतवनला. त्याची मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झालेली आहे. त्याने ती धरून बघावी व आपलं शिक्षण कशातून निघालं ते आठवावं.

४. आता मुख्य गोष्ट. घरी जात्यावर आणि फडावर मोळ्या बांधताना मी येशूच्या ओव्या रचल्या. जन्मापासून कबरेत ठेवेपर्यंतच्या ओव्या आमच्या मंडळीतल्या सगळ्या बायांना पाठ आहेत. शांतवन माझ्यासमोर बसून त्या उतरून घ्यायचा. मला वाटलं, लेकराला गोडी लागली. पुस्तक निघालं तेव्हा वर नाव त्याचं. आत पहिल्या पानावर लिहिलं, ‘ग्रामीण भगिनींच्या सहवासातून सुचलेले.’ त्याची आई त्याला भगिनी झाली.

नावावरही भागलं नाही. माझी ओवी अशी:

मरिया दळिते ज्वारी, बाळ निजलं मांडीवर
पीठ उडालं कपाळी, जसा चांदवा आभाळावर

शांतवनने ज्वारी काढून गोधूम, म्हणजे गहू, घातला. मी विचारलं, ‘कावून रे?’ तर म्हणतो, ‘आई, बेथलेहेमला ज्वारी पिकत नव्हती.’ म्हटलं, ‘मग मराठी तरी कुठं पिकत होती बाबा? ती बी काढ.’

प्रकाशनाला शाल-नारळ त्याला आणि आम्हा बायांना सतरंजी. पुस्तकात बघून गा म्हणाले. गोधूम जिभेवर बसेना, जात्याच्या घासाची लयच तुटली. बाया आपोआप ज्वारीवर आल्या. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणाले, ‘भगिनी चुकल्या वाटतं.’ तेव्हा माझा लेक माईकवर हसून म्हणाला, ‘अडाणी आहेत, समजून घ्या.’ मी समोरच बसले होते. मी समजून घेतलं.

त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर एक ओवी म्हटली नाही. म्हणून त्याचं पुस्तक कबरेच्या तोंडावर दगड लोटण्यापाशी संपतं. त्याच्या पुस्तकात येशू अजून कबरेतच आहे. लोक पुढचा भाग मागतात, तिसऱ्या दिवशी येशू उठतो तो. मागच्या महिन्यात शांतवन फळं घेऊन आला.

‘आई, पुनरुत्थानाच्या ओव्या म्हण की. दुसरा भाग अडलाय.’

‘अडाणी बाईला काय इचारतोस?’

‘देवाचं काम हाय आई. तू गेल्यावर सगळं मातीत जाईल.’

‘जाऊ दे. तिसऱ्या दिवशी बघू.’

फळं मी ठेवून घेतली.

५. त्या ओव्या मातीत जाणार नाहीत. वत्सलाला शिकवल्या आहेत आणि वर्षाराणीने मोबाईलमध्ये भरून घेतल्या आहेत. माझ्या पाटल्या विकून वर्षाराणीने जन्मापासून उठण्यापर्यंतचं सगळं पुस्तक छापावं. वर नाव दगडाबाई धुळाजी जोगदंड, मोठ्या अक्षरात, लांबून दिसेल असं. ‘लई’ला ‘लई’च ठेवावं. कुणा साहेबाची प्रस्तावना नको. कव्हरावर मेंढरं नकोत, आमच्याकडे शेळ्या होत्या. शांतवनने पहिल्या भागाची किती पुस्तकं खपवली याच्याशी मला देणंघेणं नाही. उरलेली त्यानेच वाचावीत.

६. मला माती देतानाची उपासना शांतवनने चालवायची नाही. केजच्या पाळकांना बोलवावं. शांतवनने चार माणसांसारखं पुरुषांत उभं राहावं आणि त्याचा मोबाईल आधी शेजारच्या हनुमानकडे द्यावा, नाहीतर ओव्या भरून घेईल. कबरेपाशी वत्सला आणि तिच्यामागून बाया पुनरुत्थानाच्या ओव्या पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणतील. घाई करायची नाही. तो पाळक असून त्याला एकही येणार नाही, हे मंडळीने नीट बघावं. मी तेवढ्यासाठीच थांबले आहे.

७. ओव्या संपल्यावर त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, ‘ह्या माझ्या आईच्या आहेत, आधीच्या बी तिच्याच होत्या.’ तेवढं म्हणाला तर पुस्तक निघेल तेव्हा पहिली प्रत त्याला द्यावी. नाही म्हणाला तर त्याने ती वर्षाराणीकडून विकत घ्यावी. पाळकांना असते ती सवलत त्याला देऊ नये.

हा कागद मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली. अंगठा नाही, सही.

दगडाबाई धुळाजी जोगदंड

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही व ते माहीत असूनही जे आले:
१) आश्रुबा शहादेव साळवे, नांदूरघाट (सही)
२) हनुमान विठ्ठलराव जाधव, नांदूरघाट (सही). मोबाईल सांभाळायचं कबूल आहे.

ठिकाण: नांदूरघाट, घराच्या ओट्यावर
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५