उजव्या गुडघ्याला दहापैकी नऊ

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (आजवर हे नुसतं सवयीने लिहायचे, साष्टांगातला उजवा गुडघा कधीच संपावर गेला होता. तो आता कामावर रुजू झालाय, तेव्हा या खेपेचा नमस्कार खराखुरा समज.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्यांचं विचारत नाही, कारण तू काहीतरी खोटं लिहिशील आणि मला उगाच राग येईल.

तर तुला न सांगता मी एक उद्योग केलाय. (फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र.) इथल्या मोठ्या दवाखान्यात झिजलेल्या गुडघ्यात द्यायच्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते सुई टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. सुई आत शिरली तेव्हा मी सतराचा पाढा म्हटला, तोही वर्गात म्हणावा इतक्या मोठ्याने. बाहेर नंबर लावून बसलेले दोघे जण ते ऐकून घरी निघून गेले म्हणे.

पुढे दर आठवड्याला एका कागदावर शून्य ते दहामधला आकडा लिहून पाठवायचा होता. आता जन्मभर गणित शिकवताना मी कुणाच्या बापाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, हे तुला माहीत आहेच. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणून गुडघ्याला तीन दिले. (म्हणजे नापास.) मग गडी सुधारत गेला, तसा मीही हात सैल सोडला, पाच दिले, सात दिले. ज्या दिवशी कठड्याला हात न लावता तिन्ही मजले उतरले, त्या दिवशी नऊ दिले आणि घरी येऊन स्वतःच्याच हाताने शिरा करून खाल्ला.

तिकडे दवाखान्यात हाहाकार. कारण तो आकडा प्रगतीचा नव्हताच, दुखण्याचा होता! दहा म्हणजे असह्य. मला तातडीने बोलावलं. दारात नर्स चाकांची खुर्ची घेऊन उभी, आणि आता तुमचं पुढचं इंजेक्शन थांबवावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे ताई, पुन्हा दिवसभर खिडकीशी बसून राहायचं? मी सरळ नर्सला त्याच खुर्चीत बसवलं आणि ढकलत व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं.

"अहो, पण नऊ लिहिलंत ना तुम्ही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग? मेहनतच तेवढी घेतली त्याने!"

बाई हसून हसून खाली बसल्या. सगळे आकडे मला पुन्हा विचारून घेतले, पुढचं इंजेक्शन कायम झालं, आणि आता तिथल्या प्रत्येक कागदावर ठळक अक्षरांत छापतात: "हे मार्क नाहीत." चाचणीला माझा एवढा हातभार लागला!

तुझी धाकटी

ता. क. मला मिठाचं पाणीच मिळालं असेल, अशीही शक्यता आहे म्हणे. असेना का! जिना मीच उतरले.

आणखी ता. क. त्यांना अजून माणसं हवी आहेत. तुझा नंबर देऊन ठेवलाय, त्यांचा फोन येईल. आढेवेढे घेऊ नकोस. चाचणी संपेपर्यंत माझ्याकडेच राहायचं. सकाळी फिरायला जाते खरी, पण भांडायला शेजारी तू नसशील, तर या धडधाकट गुडघ्याचं मी करू काय?