टाक नाना!

धुळे

आबा,
तुमच्या वृषालीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

इथले जुने बास्केटबॉल खेळाडू आणि आमच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक रुपचंदनाना वारले. रविवारी मैदानावर शोकसभा झाली. सगळे मौन पाळत असताना त्यांचे एक म्हातारे चाहते सवयीने ओरडले, “टाक नाना!” आबा, आम्ही सगळ्यांनी माना वर करून बास्केटकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. “नाना आठेच शे,” ते म्हणाले, म्हणजे नाना इथेच आहेत.

तेव्हापासून मुली सरावाला येत नाहीत. नानांचा हा संघ आता माझ्याकडे आहे, तो मी मोडू देणार नाही.

आज एकटीच गेले होते. हात उचलला की मागून कोणी ओरडेल असं वाटायचं. बॉल न टाकताच खोलीवर आले.

उद्या टाकेन. आईला सांगू नका.

तुमची,
वृषाली