वंशावळीत न सांगितलेली लेक

मी, रतनबाई अमृत पारठे, वय ६२, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. हिर्डोशी, ता. भोर. शुद्धीत आहे, कुणाची जबरदस्ती नाही. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते असं मात्र म्हणवत नाही. खुशी उरलेली नाही.

१. राहतं घर मुलगा हनुमंत याला.

२. ओढ्याकडचं भातखाचर नात शुभ्रा हिला, वय ७. तिचे वडील इंद्रजितराव, रा. मार्गासनी, यांनी त्यात पाय ठेवू नये.

३. माझ्या माहेरी बरीच माणसं चाळिशीच्या आत अंगावरून वारं जाऊन मरत. बाप गेला, दोन भाऊ गेले. आम्ही देवाला कोंबडी कापत बसलो. नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून डॉक्टर सरोजबाई अभ्यासाला आल्या. मूत्रपिंडावरची ग्रंथी एक संप्रेरक जास्त सोडते, त्याने रक्तदाब चढतो आणि हा दोष लेकरांत उतरतो, हे त्यांनी शोधलं. घराण्याचं झाड काढताना विचारलं, "मुलं किती?" त्याच आठवड्यात मार्गासनीचे पाहुणे माझ्या लेकीला, वैष्णवीला, बघून गेले होते. जाऊ साळूबाई कानाशी लागली, "पोरीचं जमतंय तवर तोंड मिटा, अक्का." मी म्हणाले, "एकच, हनुमंत." चहा घेऊन आलेली वैष्णवी साळूबाईची म्हणून दाखवली.

हनुमंतचं रक्त चांगलं निघालं. दोष माझ्यात सापडला. रोजच्या एका बारक्या गोळीवर मी जगले. वैष्णवीला लग्नानंतर सांगेन म्हटलं, मग बाळंतपण होऊ दे म्हटलं. गेल्या वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, भांडी घासताना तिच्या मेंदूतली शीर फुटली. शुभ्राला आई नाही, ते मी केलं.

४. साळूबाईला काही देऊ नये. शिकवलं तिनं, पण जीभ माझी होती.

५. शुभ्राचं रक्त तपासा म्हणून दोनदा मार्गासनीला गेले. इंद्रजितरावांनी उंबऱ्यावरूनच परत लावलं. "बभ्रा करू नका, मामी. उद्या पोरीचं लगीन कसं जमायचं?" 

६. म्हणून माझ्या दशक्रियेला प्रवचन ठेवू नये. नदीवर सगळे पाहुणे जमतील तेव्हा हनुमंतने कलम ३ माईकवर वाचावं.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. सगुणाबाई म्हणाली, "बाई, तुमी गोळी खाऊन धडधाकट. तुमी मरंस्तवर पोरीनं थांबायचं व्हय?"

कलम ६ खोडलं आहे. पुढच्या महिन्यात मार्गासनीला वैष्णवीचं वर्षश्राद्ध आहे. तिथे कलम ३ मी स्वतः वाचणार; लपवायला काही उरलं नाही की पोरीचं रक्त तपासतील. त्यानंतर शुभ्राला कुणी मागणी घालणार नाही, मलाही कुणी दारात उभं करणार नाही. राहू दे बिनलग्नाची. जगू दे.

खोडाखोड माझ्या हातची, तिथे वेगळी सही केली आहे.

सही: रतनबाई अमृत पारठे
साक्षीदार: १. सगुणाबाई, अंगणवाडी मदतनीस (सही)
२. चिमाजी, शेजारी (डावा अंगठा)
हिर्डोशी, दि. १२ जानेवारी २०२५