शववाहिकेचं कुलूप

आदरणीय बोहदानदादा यांस, मिरोस्लावचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला मागच्या हिवाळ्यातच राहिला असेल, असं धरून चालतो. इकडे कॅनडात, सस्कॅचेवानात आम्ही ठीक आहोत (बाहेर उणे बत्तीस आहे, तेवढं सोडून).

लांबून बटण दाबून गाडी सुरू करायचं तुम्ही पाठवलेलं यंत्र मी आपल्या शववाहिकेला बसवलं. आधीच दुःखात असलेल्या घरच्यांना गारठलेल्या गाडीत बसवायचं, याची मला या धंद्यात कायम लाज वाटत आली आहे. दारांच्या कुलपांच्या दोन तारा तेवढ्या अंदाजानेच जोडल्या (सूचनांच्या कागदावरचा हिरवा आणि गाडीतला हिरवा यांचं काही केल्या जमेना). बटणासरशी इंजिन सुरू झालं आणि त्या आनंदात कुलपं तपासायची राहून गेली.

शनिवारी आपल्या नेस्टरकाकांना निरोप द्यायचा होता. चर्चमधली प्रार्थना आटोपून शवपेटी गाडीत ठेवली, दारं लावून घेतली. किल्ली आत सीटवरच होती (आता किल्ली कशाला, हा माझा तोरा). पायऱ्यांवरून बटण दाबलं, गाडी सुरू झाली. मग पाराशाकाकूंना पुढे बसवावं म्हणून 'उघड'चं बटण दाबलं, तर सगळ्या दारांना खटकन कुलूप लागलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खट. आत हीटर चालू, नेस्टरकाका उबेत, आणि बाहेर अख्खं गाव कुडकुडत उभं. पाद्रीबाबांच्या दाढीवर बर्फ धरला. खांदेकऱ्यांपैकी एकजण तारेचं हँगर घेऊन काचेशी झटू लागला, दुसरा म्हणाला, काचच फोडू या. तिकडे कबरीसाठी उकरलेली माती परत गोठत होती. दादा, माझी मान वर होईना.

तेवढ्यात काकू आल्या आणि मी कुठलं बटण दाबतोय ते त्यांनी विचारलं. 'उघड'चं, मी म्हणालो.

"मग बंदचं दाब."

"काकू, बंदच आहे ती."

"दाब म्हणते ना. या माणसाला जेवायला बसवायचं तर जन्मभर मी 'जेवू नकोस' म्हणत आले."

दाबलं. सगळी दारं उघडली. अशा वेळी हसायचं कसं, म्हणून सगळ्यांनी मफलरींत तोंडं लपवली. आधी काकूच हसल्या, आणि हसता हसता गाडीच्या दाराला धरून रडू लागल्या. काका गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्यांचं रडून होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

या विजेच्या भानगडीत पुन्हा हात घालायचा नाही, असं मी पक्कं ठरवलं आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
मिरोस्लाव

ता. क. तसलंच आणखी एक यंत्र लगेच पाठवा. पाराशाकाकूंना काकांच्या जुन्या ट्रकला बसवून हवंय.

आणखी एक ता. क. कुलपाच्या तारा सरळ कशा जोडायच्या ते मात्र कळवू नका. मी काकूंना विचारलं होतं. म्हणाल्या, "उलट्याच राहू देत. मला तीच सवय आहे."