अठरावं नाव

प्रिय ब्रोना,

तू आणि बाळ दोघं मजेत असाल. तुझ्या आईने दिलेला फोटो मी किटलीच्या वर चिकटवलाय. लेकरू थेट तुझ्यावर गेलंय गं, कुणीतरी फळ्यावर चुकीचं लिहिलंय अशी कपाळाला आठी घालून बघतंय. भेटायला येणार होते, पण आले असते तर तुम्ही बाळ माझ्या हातात दिलं असतं आणि मग माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. फोनवर तू आवाजावरूनच ओळखलं असतंस. म्हणून पत्र. मुलं तीनलाच गेली, मी वर्गात बसलेय आणि बॉयलर नेहमीसारखा खोकतोय. मला भीती वाटतेय, ब्रोना. अठ्ठावन्न वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

तुझ्या जागी आलेली मुलगी गुणी आहे, फक्त छोट्यांना विनवण्या करून गप्प करायला जाते. ती पोरं कसली ऐकतायत! मी आपली तीच. एका खोलीत चार इयत्ता, आणि त्यातच शाळा चालवायची. परवा भागाकार सांगता सांगता तीन फोन आले, एक तुंबलेल्या संडासाचा, दोन शिक्षण खात्याचे, नव्या परिपत्रकाला उत्तर का दिलं नाही म्हणून. खडू हातात धरून मी 'हो साहेब, हो साहेब' करतेय आणि सहावीची पोरं बाकी किती उरली म्हणून वाट बघत बसलेली. तू म्हणायचीस, 'डिम्फना, ही परिपत्रकं जाळली तर बॉयलरला तेल आणायलाच नको.' तुझी फार आठवण येते.

तुला सप्टेंबर आठवत असेलच. तीस तारखेला पटावर अठरा मुलं असली तर दोन शिक्षक, सतरा असली तर एक. एक म्हणजे तू घरी, आठही इयत्ता माझ्या एकटीच्या गळ्यात, आणि दोन-तीन वर्षांत शाळेला कुलूप. आपल्याकडे बरोब्बर अठरा होती आणि अठरावी होती तुझ्या खोलीतली उग्ने. लिथुआनियाहून आलेली, आठ वर्षांची, वाचताना ओळीखाली बोट फिरवणारी. तेवीस तारखेच्या शुक्रवारी तू छोट्यांना चेस्टनट वेचायला घेऊन गेलीस, आणि शाळा सुटताना तिची आई डानुटे गेटवर आली. मश्रूमच्या शेडमधून तशीच आलेली, अंगाला तो ओल्या मातीचा वास. म्हणाली, 'बाई, दोन आठवडे कॉर्कला बहिणीकडे जातेय. पोरीची जागा ठेवा.' मी म्हटलं, 'अगं, जागा कुठे पळून जातेय!' बोलताना तिने दोनदा मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मी ते बघितलं, ब्रोना. का बघतेस म्हणून विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त आकडा होता.

तीस तारखेला मी उग्नेला मोजलं. दोन आठवड्यांनी येणारच आहे, त्यात काय एवढं, असं मनाला समजावलं. दोन आठवडे उलटले, ती आली नाही, आणि मी रोज सकाळी तिच्या नावापुढे 'हजर' भरत राहिले. तीस तारखेनंतर लगेच नाव गळलं तर खात्यात कुणाच्या तरी भुवया वर जातील, ही धास्ती. संगणकात हजेरी मीच भरते, तुला ते कधी बघावं लागलं नाही. पण तू दोनदा विचारलंस, 'डिम्फना, अकरा नंबरच्या खुंटीवरचा कोट घरी पाठवू का?' आणि मी तुझ्यावर खेकसले, हात लावू नकोस म्हणून. तुला अंदाज आला होता. तुला नववा महिना, अर्धवट बांधलेलं घर, तू कशाला पुढे विचारशील? तुला दोष देत नाही गं. उग्नेचा तो लाल कोट मी येता-जाता बघत होते. कॉर्कला जाणारी आई पोरीचा कोट विसरेल, पण पुन्हा न्यायलासुद्धा येणार नाही?

सोमवारी टियर्नीचा फोन आला. आपला गार्ड टियर्नी, गावचा पोलीस असला तरी माझाच विद्यार्थी, सातचा पाढा शेवटपर्यंत आला नाही त्याला. म्हणाला, 'बाई, कॉर्कहून उग्नेच्या मावशीने कळवलंय, दोघी येणार होत्या त्या पोचल्याच नाहीत. बापाला विचारलं तर तो म्हणतो, बायको भांडून निघून गेली, पोरगी माझ्याकडेच आहे, रोज शाळेत जाते. खरं ना?' समोर तिसरीची मुलं बसलेली. मी म्हटलं, 'हो, पटावर आहे. हजर आहे.' तो हसला. 'तुम्ही म्हणताय म्हणजे झालं, बाई. उगाच पोरीला वर्गातून उठवून घाबरवायला नको.' आणि फोन ठेवला.

काल मी गेट लावत होते, तेव्हा तिच्या बापाची, विडासची, गाडी हळूहळू पुढून गेली. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. नमस्कारादाखल इथे सगळेच करतात, मीही दिवसातून वीसदा करते. पण आजवर त्याने कधी केलं नव्हतं. घरी पोचले आणि मग एकदम लक्षात आलं. वीस दिवस मूल शाळेत नसलं की आपण घरी पत्र पाठवतो. त्याला पत्र गेलं नाही. म्हणजे शाळेच्या दप्तरी पोरगी हजर आहे हे त्याला कळलं होतं. माझ्याच भरवशावर तो गार्डशी खोटं बोलला.

आपल्या दारावरची ती पाटी तुला माहीत आहे, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काही शंका आली तर कुणाशी बोलायचं ती. तिच्यावर माझं नाव आहे. आज सकाळी मी ती पुसायला गेले आणि फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. तेहतीस वेळा मी तिला हजर म्हटलं. आज तिच्या नावापुढे काही भरलं नाही. कदाचित आई तिला घेऊन कुठे लपून बसली असेल, तसंच असू दे देवा. पण तसं नसलं तर तिला शोधायचे ते तेहतीस दिवस मी खाल्ले.

हे पत्र तुझ्या आईच्या दारातून आत सरकवून मी थेट टियर्नीकडे जाणार आहे. तुझी जागा राहणार नाही, माझी तर नाहीच. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, हे एक कारण. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच भीतीने. टियर्नी तुला आजच फोन करेल आणि विचारेल, उग्नेला शेवटचं कधी पाहिलंस. तू म्हणशील, नीट आठवत नाही, ऑक्टोबर असेल. मी तुला ओळखते, माझ्यावर जीव आहे तुझा, मला वाचवायला म्हणशील. म्हणू नकोस, पोरी. तो लाल कोट मी खुंटीवरून काढून सोबत घेतलाय. खिशात तीन चेस्टनट निघाले, पार सुरकुतलेले. तूच वेचायला नेलं होतंस त्या दिवशी. शुक्रवार, तेवीस सप्टेंबर. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही. त्याला एवढंच सांग.

बाळाला जप.

तुझीच,
डिम्फना