उजवीकडची नजर

मयूर विहार, दिल्ली
६ जानेवारी २०२५

ती. कौशल्या आत्यास,
शिवांजलीचा साष्टांग नमस्कार.

फोन केला नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपलं बोलणं अर्ध्या आळीला कळतं. माझ्या मराठीला खुशाल हस, पण हे पत्र कुणाला वाचायला देऊ नकोस.

रस्ता सुरक्षा महिन्यात आमची कंपनी नोएडाच्या यार्डात ड्रायव्हरांचा सत्कार करते. यंदा पहिला मान तुझ्या घरधन्याचा, बळवंतमामांचा. एकतीस वर्षं ट्रक चालवला, कुणाला ओरखडा नाही. मी इथे सेफ्टी ऑफिसर झाले तेव्हा ही पोरगी आम्हाला काय शिकवणार, अशा नजरेनं सगळे बघत होते. पहिल्या दिवशी मामाच पुढच्या बाकावर येऊन बसले, मग बाकीचे बसले. हे त्यांनी तुला सांगितलं नसेल.

परवा डोळ्यांचं शिबिर झालं. मामांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण उजव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली आहे. गेलेली परत येत नाही, औषधानं उरलेली टिकते, असं डॉक्टर म्हणाले.

मामा तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. फाइलला लावू नकोस, म्हणाले. सत्कार झाला की शेवटची एक खेप साताऱ्यापर्यंत नेतो आणि तिथंच किल्ली ठेवतो. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं गं. मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हणू शकले नाही. गाडी सर्व्हिसिंगला आहे असं खोटं सांगून त्यांना थांबवून ठेवलं आहे. तू समजावशील का?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
शिवांजली


कोरेगाव, जि. सातारा
१२ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखन तुझ्या बापापेक्षा बरं आहे.

काचबिंदूचं वाचून मला नवल वाटलं नाही. दिवाळीत आम्ही दोघं मोटरसायकलवरून बाजारातून येत होतो. उजवीकडच्या बोळातून एक शाळकरी पोर सायकलवर आली. मला दिसली, यांना नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. पोर हातभर अंतरावर सायकल धरून उभी होती. घरी आल्यावर हे म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन पाठीमागं होतं. ते मलाही ठाऊक होतं, त्यांनाही. तरी मी गप्प बसले. तेव्हापासून ते एवढी मोठी गाडी घेऊन दिल्लीपर्यंत हिंडताहेत. कुणाचं काही झालं असतं तर त्यात माझाही वाटा असता.

मी समजावणार नाही. मी सांगितलं तर बायकोची भीती म्हणून उडवून लावतील. तुझं काम तू कर. कागद फाइलला लाव, पण आधी त्यांना तोंडावर सांग. सर्व्हिसिंगची थाप पुन्हा मारू नकोस. एवढी वर्षं इमानानं गाडी चालवलेल्या माणसाचा तेवढा मान ठेव. रागावतील. माझ्यावर रागावले तरी चालेल. ती पोर कुणाची होती ते मला ठाऊक नाही, पण तिचं तोंड अजून डोळ्यांपुढून जात नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशी राहू दे.
तुझी आत्या


मयूर विहार, दिल्ली
२५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सादर नमस्कार.

अठरा तारखेला मामांना समोर बसवून सगळं सांगितलं आणि त्यांच्यादेखत कागद फाइलला लावला. ते टोपी घालून उठून गेले. सहा दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरांच्या खोलीत राहायचे, मी दिसले की वाट बदलायचे.

काल सत्कार होता. येणार नाहीत असंच वाटलं होतं. नाव पुकारल्यावर स्टेजवर आले, शाल घेतली नाही, माईक मागितला. त्यांच्या मोडक्या हिंदीत त्या सायकलवाल्या मुलीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "मैंने उसे देखा ही नहीं. मेरी घरवाली ने देखा." मग गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

टाळी पडली नाही, आत्या. यार्डात दोनशे माणसं होती. रिंकू नावाचा एक ड्रायव्हर आहे, शिबिराच्या दिवशी टायर बघायचं निमित्त करून सटकला होता. तो उभा राहिला आणि डॉक्टर कुठे बसलेत असं विचारलं. डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते, त्यांना हार काढून कामाला लागावं लागलं. तपासणी चुकवलेले चाळीसेक जण रांगेत उभे राहिले. दोघांना मला आजच गाडीवरून उतरवावं लागलं. दोघांनीही वाद घातला नाही.

मालकांनी मामांना नवीन ड्रायव्हरांना शिकवायला राहा म्हटलं आहे. कळवतो म्हणाले. आज रिंकूच्या ट्रकमधून ते घरी निघाले. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. त्यांचे डोळ्यांचे थेंब मी रिंकूजवळ दिले आहेत, वेळ चुकवू नकोस.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
शिवांजली


कोरेगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस,
मामाचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चलानावर सही, एवढंच माझं लिहिणं. मी रागावलो होतो. तुझ्यावर नाही, पण तू समोर होतीस.

थेंब तुझी आत्या घालते, घड्याळ लावून. शिकवायला महिनाअखेर येतो, मालकांना सांग. पहिल्या दिवशी सगळ्यांना डाव्या सीटवर बसवणार आहे, का ते ऐक.

येताना मी रिंकूच्या डावीकडं बसलो. आग्र्यापर्यंत माझा उजवा पाय पत्र्यावर ब्रेक शोधत होता. रिंकूला कळलं, पण तो हसला नाही. नुसता वेग कमी केला. पोरगा चांगलं चालवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खलघाटचा पूल आला. नर्मदेवरून मी किती वेळा गेलो त्याची गणती नाही. दर वेळी नजर रस्त्यावर. या खेपेला खिडकीतून खाली बघितलं. पाणी केवढं आहे गं. मध्ये एक होडी होती, होडीत म्हातारा-म्हातारी बसली होती. म्हातारीनं पाण्यात हात सोडला होता. पूल संपेपर्यंत मी बघत राहिलो. चालवणाऱ्याला किती दिसत नाही, ते डाव्या सीटवरूनच कळतं.

त्या सायकलवाल्या पोरीचं घर काल शोधून काढलं. जवळच आहे. तिच्या बापाला सांगितलं, दिवाळीत तो मी होतो. त्याला काही ठाऊकच नव्हतं, पोर घरी बोललीच नव्हती. त्यानं तिला बाहेर बोलावलं. ती मला ओळखून दाराआड झाली. मी तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

तुझा,
बळवंतमामा